तीन नंबरचा पांढरा

माझी नणंद भाजी घेताना भाजीकडे कधी बघत नाही, तराजूकडे बघते. दुधाच्या पिशवीवरची तारीख ती दोनदा वाचते, एकदा दुकानात आणि एकदा घरी आल्यावर. मधल्या रस्त्यात कुणी बदलली असेल तर? सुट्टे पैसे, औषधाच्या गोळ्या, शेजाऱ्यांचं हसणं, सगळं ती तपासूनच घेते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिले काही महिने तिने मलाही असंच उलटसुलट करून पाहिलं होतं. मग एक दिवस म्हणाली, "चालेल." तेव्हापासून आमचं बरं जमतं.

आमची गुलाबांची नर्सरी आहे. माळावर हिरव्या जाळीखाली वाफे, वाफ्यांत काळ्या पिशव्या, पिशव्यांत रोपं. सासरे, म्हणजे बाबा, डोळे भरतात. बाहेरच्या माणसाला हे ऐकून दचकायला होतं म्हणून सांगते. चांगल्या गुलाबाच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, अलगद सोलून काढायचा, रानटी गुलाबाच्या खुंटाला चीर देऊन तिच्यात बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. डोळा फुटला की वरचं रानटी झाड छाटून टाकायचं. मुळं रानटी, फूल मात्र आपल्याला हवं ते. बाबांनी जन्मभर हेच केलं. त्यांनी भरलेला डोळा सुकत नाही, अशी त्यांची ख्याती आहे. ती खोटी नाही आणि ती सांगायला ते स्वतःही मागेपुढे पाहत नाहीत.

माझा नवरा बाकीचं सगळं बघतो: खुंट वाढवणं, पाणी, फवारणी, ओळींना लेबलं बांधणं. मी विक्री आणि बांधाबांध बघते. आणि ताई, म्हणजे माझी नणंद, शहरातलं ऑफिस सोडून परत आली ती कागदपत्रं बघायला, कारण नवा नियम आला.

नियम साधा होता. लेबलवर जे लिहिलंय तेच पिशवीत असलं पाहिजे. जातीचं खरं नाव, आमचा नोंदणी नंबर, कोणत्या खेपेचं रोप, आणि ते निरोगी असल्याची आमची हमी. पूर्वी 'गुलाब, पांढरा' म्हटलं की गिऱ्हाईक खूश असायचं. आता लेबलवर असली लांबलचक नावं असतात की ती उच्चारताना बाबांची कवळी हलते. घरात आम्ही अजूनही पांढरा, पिवळा असंच म्हणतो. पण नंबर गेला तर एक काडीसुद्धा विकता येणार नाही, हे मात्र सगळ्यांना पाठ होतं. आमच्या चौघांचं पोट त्या नंबरावर होतं.

आणि गेल्या वर्षी तो नंबर जवळजवळ गेलाच होता. कोर्टाच्या कुंपणाला पांढरे वेली गुलाब हवे होते. आम्ही दिले. फुलं आली तेव्हा अर्धं कुंपण पिवळं. तक्रार झाली आणि तपासनीस बाई आल्या. लहानखुऱ्या, गळ्यात भिंग, बोलायला इतक्या मऊ की आपण दोषी आहोत हे ऐकल्यावरही त्यांना बसा म्हणावंसं वाटतं. त्या म्हणाल्या, "या वेळी चूक म्हणून लिहिते. पुन्हा झाली तर ती सवय म्हणून लिहावी लागेल."

त्या दिवसापासून ताईच्या मनात पाल चुकचुकत होती.

"हे आपोआप होत नाही," ती मला म्हणाली. आम्ही बांधाबांधीच्या शेडमध्ये होतो आणि तिने दार लोटून घेतलं होतं. "बाबांच्या हातून आजवर असं कधी झालंय? मग उरलं कोण?"

"मी आहे की," मी म्हटलं.

"तू नाहीस. तुला मी बघितलंय नीट." हे तिने कौतुकानं म्हटलं. "धाकल्यानं भर घातली."

भर घालणं हा आमच्या धंद्यातला जुना रोग. ऑर्डर मोठी असते, काही डोळे सुकतात, रोपं कमी पडतात. मग शेजारच्या वाफ्यातली उचलून भरती करायची. पान सारखंच, काटा सारखाच. फूल येईपर्यंत कोण ओळखणार, आणि फूल येईपर्यंत पैसे घेऊन माणूस मोकळा.

मी हसले. माझा नवरा रस्त्यात सापडलेली छत्री दुकानदाराकडे नेऊन देणारा माणूस. पण ताईने तोपर्यंत सापळा लावून ठेवला होता. या खेपेची लेबलं छापली तेव्हा तिने तीन नंबरच्या वाफ्याच्या, म्हणजे पांढऱ्याच्या लेबलांचा डावा कोपरा कात्रीनं किंचित कापला होता, आणि चार नंबरच्या, म्हणजे पिवळ्याच्या लेबलांचा उजवा.

"आता चल माझ्याबरोबर," ती म्हणाली.

तीन नंबरच्या वाफ्यावर ती ओळीओळीनं वाकत गेली. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी काठी, काठीला वायरनं बांधलेलं लेबल. लेबलांवर लिहिलं होतं पिवळ्याचं नाव. कोपरा कापलेला उजवा. चार नंबरमध्ये बरोबर उलटं. सगळ्या लेबलांची कुणीतरी अदलाबदल केली होती.

"कुठेतरी पाणी मुरतंय म्हणत होते ना मी?" ताई म्हणाली. तिचा आवाज जिंकल्यासारखा नव्हता. तिलाही वाईट वाटत होतं, ते मला दिसलं.

त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "तीन-चारची लेबलं इकडची तिकडं झालीत का रे?"

"वारा होता ना परवा," तो म्हणाला.

"वायरनं बांधलेलं लेबल वाऱ्यानं एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जातं? आणि जाऊन परत स्वतःला बांधून घेतं?"

तो ताटाकडे बघत बसला. मग म्हणाला, "तू यात पडू नकोस."

हेच त्याने म्हणायला नको होतं. जो माणूस मला मोज्यांच्या जोडीबद्दलही सल्ला विचारतो, तो मला यात पडू नको म्हणाला. मग मला सगळंच दिसू लागलं. तो उजाडायच्या आत उठून जातो आणि गुडघ्यांना माती लावून येतो. डोळे भरून झाल्यावर जी पालवी फुटते, ती बघायला जातो म्हणतो, आणि नेमका आम्ही कुणी उठायच्या आत. एकदा विहिरीच्या कठड्यामागे उभा राहून फोनवर हळू बोलत होता, "नाही, घरी फोन करू नका. मीच घेऊन येईन." मी पुढे झाले तसा त्याने फोन खिशात टाकला.

"कुणाला घेऊन येणार आहेस?" मी विचारलं.

"माल," तो म्हणाला.

त्याला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात. ते लाल झाले होते. भीती होतीच, पण भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. दुसऱ्या कुठल्या नर्सरीला तो आपली रोपं चोरून देतोय, उरलेल्यांत भर घालतोय, आणि मी रोज त्याच्या डब्यात पोळी भरतेय, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. एकदा उभं राहिलं की अशी चित्रं खाली बसत नाहीत.

तपासनीस बाई दोन दिवसांनी येणार होत्या. तसा निरोप आला होता. त्याच संध्याकाळी चहा घेताना ताईने विषय काढला. थेट नाही. ती बाबांच्या समोर बसली आणि म्हणाली, "बाबा, तीनमध्ये काय भरलंत तुम्ही?"

"पांढरा," बाबा म्हणाले.

"आणि चारमध्ये?"

"पिवळा. का गं?"

"काही नाही. खात्री करून घेतेय."

"खात्री?" बाबांनी कप खाली ठेवला. "माझ्या हातानं फांद्या काढल्या, माझ्या हातानं जुड्या बांधल्या. पांढऱ्याला निळा दोरा, पिवळ्याला काळा. तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून हेच चालत आलंय. आता मला खात्री विचारणार का तू?"

"तुमच्याबद्दल नाही हो बाबा," ताई म्हणाली आणि तिने भावाकडे बघितलं.

माझ्या नवऱ्याने तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगेल काहीतरी. भांडेल तरी. पण त्याने बाबांकडे बघितलं, बाबा समोर भिंतीकडे बघत होते, आणि तो मूग गिळून बसला. मग बशी उचलून आत गेला. निरपराध माणूस असा उठून जातो का? मी स्वतःला विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं.

दुसऱ्या दिवशी तो पिशव्या आणायला बाहेर गेला. ताई पक्कड घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबांनी सांगितलंय तशी लावून टाकू," ती म्हणाली. "उद्या बाई आल्या की सगळं जागच्या जागी असलेलं बरं. त्याला नंतर बघू. आधी नंबर वाचवू."

मी गेले तिच्याबरोबर. ती लेबलं सोडत होती, मी बांधत होते. कोपरे डावे तीनमध्ये, उजवे चारमध्ये. दोघीही फारसं बोललो नाही. एकदा ती म्हणाली, "तुला वाईट वाटत असेल." मी म्हटलं, "वाटतंय." आणि पुढची वायर घेतली.

तपासनीस बाई आल्या त्या सकाळी ऊन स्वच्छ होतं. जाळीखालीसुद्धा रंग उठून दिसत होते. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. ताईकडे फाइल होती. माझा नवरा नळाजवळ उभा होता आणि वाफ्यांकडे बघत नव्हता. मला वाटलं, धाबं दणाणलंय याचं.

बाई एकेका वाफ्यावर थांबत, पानं उलटी करून भिंगातून बघत, मुळांजवळची माती बोटानं उकरत पुढे सरकत होत्या. कीड नाही, बुरशी नाही. "छान ठेवलंय हो," त्या दोनदा म्हणाल्या. ताईचे खांदे थोडे खाली आले. मग त्या तीन नंबरशी आल्या. वाकून लेबल वाचलं, ते पूर्ण नाव न अडखळता उच्चारलं, आणि ओळीच्या मध्यावर एका रोपाला लवकर धरलेली टपोरी कळी होती ती दोन बोटांत धरली.

"उघडून बघू का?"

"बघा की," बाबा म्हणाले. "तीन नंबर पांढरा आहे."

बाईंनी कळीची हिरवी पाकळी नखानं मागे सारली. मग दुसरी. आतून पिवळा निघाला. फिकट, पण पिवळा. त्यात दोन मतं होण्यासारखं काही नव्हतं.

ताईच्या हातातली फाइल खाली आली. मला आधी कळलंच नाही. मग कळलं. लेबलं बाबांनी सांगितल्यासारखीच होती. आम्हीच ती तशी केली होती. म्हणजे आम्ही हात लावायच्या आधी, नवऱ्याने बदलली होती तेव्हा, ती बरोबर होती.

"लेबलवर पांढरा आहे," बाई हळूच म्हणाल्या.

"पांढराच आहे," बाबा म्हणाले. "माझ्या हातचा आहे."

बाईंनी कळी खुडली आणि त्यांच्या हातात दिली. "मग हा?"

बाबांनी ती उन्हात धरली. तोंडाजवळ नेली. इकडून पाहिली, तिकडून पाहिली. मान थोडी कलती केली. आम्ही चौघं त्यांच्याकडे बघत होतो.

"हा पांढराच की," ते म्हणाले.

नळातून पाणी ठिबकत होतं ते ऐकू येत होतं. बाबांना ती शांतता समजली. ते कळीकडे बघत राहिले आणि मग खूप हळू आवाजात, कुणालाही उद्देशून नाही असं, त्यांनी विचारलं, "पिवळा आहे?"

"हो बाबा," माझा नवरा म्हणाला.

बाईंनी चार नंबरमधली एक कळी उघडून पाहिली. ती पांढरी होती. त्यांनी विचारलं, "लेबलं कुणी बांधली?"

"मी," नवरा म्हणाला.

"नाही, मी," ताई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "त्यानं बरोबर लावली होती. मी काल बदलली."

तिच्याबरोबर मीही होते, हे मी सांगितलं नाही.

मग नवऱ्याला सांगावंच लागलं. बाबांना गेल्या वर्षापासून निळा दोरा आणि काळा दोरा दोन्ही काळेच दिसतात. पांढरं आणि फिकट पिवळंही एकच दिसतं. मोतीबिंदू पिकलाय. हात अजून आहे तसा आहे, भरलेला एकही डोळा सुकत नाही, पण जुड्या उलटसुलट होतात. गेल्या वर्षी कोर्टाच्या कुंपणानंतर त्याच्या लक्षात आलं. पिवळ्याची कोवळी पालवी पहिले काही दिवस तांबूस असते, पांढऱ्याची हिरवीच, मग दोन्ही सारखी होतात. ते चार दिवस तो पहाटे जाऊन बघून ठेवायचा आणि बाबा उठायच्या आत लेबलं जुळवून टाकायचा. डोळ्यांच्या दवाखान्यात बोलणं चाललं होतं, पण बाबा यायला तयार होत नव्हते. घरी फोन करू नका, असं तो दवाखान्यातल्यांनाच सांगत होता.

बाईंनी भिंग पुसलं. "रोप अजून फाटकाबाहेर गेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "जे बाहेर गेलं नाही ते चुकलं असं मी लिहीत नाही. पण या दोन वाफ्यांतलं एकही रोप फूल आल्याशिवाय विकायचं नाही. आणि यापुढं डोळ्यांच्या फांद्या बाबांनी काढायच्या नाहीत. भरू देत खुशाल. काढायच्या नाहीत." मग बाबांना त्यांनी नमस्कार केला आणि त्या निघाल्या. नंबर वाचला.

ताई ओसरीवर बाबांजवळ जाऊन बसली. दूधवाल्यापासून सख्ख्या भावापर्यंत तिने सगळ्यांवर संशय घेतला होता, आणि ज्याला तपासायला हवं होतं तेवढा एकच माणूस वगळला होता. हे तिला कळत होतं, कारण ती एकही शब्द न बोलता नुसती त्यांचा गुडघा दाबत होती.

मला तेवढ्यावर राहवलं नाही. मला राग आला होता, आणि तो मी लपवला नाही.

"बाबा, तुम्हाला दिसत नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग परवा चहाच्या वेळी इतकं छातीठोकपणे कसं सांगितलंत?"

"कचरत सांगितलं असतं तर हिनं विचारलं असतं, का."

"आणि तुमचा मुलगा तुमच्यासमोर चोर ठरत होता ते?"

बाबांनी डोळे मिटले. "तो काही बोलणार नाही, हे मला माहीत होतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "दवाखान्याची तारीख घ्यायला सांग त्याला."

नवरा वाफ्यावर होता. तीन नंबरच्या काठ्यांवरून लेबलं उतरवत होता. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. काय बोलावं ते ठरवून आले होते, पण ते आठवेना, आणि तोंडातून भलतंच निघालं.

"ताईनं तरी आधी तुला विचारायला हवं होतं," मी म्हटलं.

त्याने पक्कड थांबवली नाही.

"काल पिशव्या घेऊन आलो तेव्हाच बघितलं मी," तो म्हणाला. "लेबलं परत फिरवलेली. म्हटलं, बाई यायच्या आत नीट करून टाकू. वेळ होता भरपूर. पक्कड पण होती हातात."

"मग?"

"वायरीची टोकं आत दुमडलेली होती." त्याने एक वायर मला दाखवली. "ताई नाही दुमडत. टोक बोटाला लागू नये म्हणून दुमडून ठेवणारी या घरात तूच एक."

मी त्या दुमडलेल्या टोकावरून बोट फिरवलं.

"मग मला काही करावंसंच वाटलं नाही," तो म्हणाला. "ताईचं सोड. तिचा स्वभावच आहे. तुझा नव्हता."

मी पुढच्या ओळीशी बसले आणि वायर सोडवायला घेतली. ती मीच घट्ट बांधली होती, लवकर सुटेना.